तळव्यातलं नाव

कागदोपत्री माझं नाव काहीही असो, घरात ते कुणी वापरत नाही. घरात माझं नाव म्हणजे तर्जनीने नाकाच्या शेंड्यावर दोनदा टिचकी. अर्थ, नाकावर राग. मी चालायला लागले तेव्हाच बाबांनी ते ठेवलं आणि आईने लगेच मान डोलावली, त्यामुळे बदलून घ्यायची सोय राहिली नाही. माझे आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे. मला ऐकू येतं. कागदांवर त्यांना मूकबधिर म्हणतात, त्यातलं बधिर मी मान्य करते, पण माझ्या आईला मूक म्हणणाऱ्याने एकदा आमच्या घरी जेवायला यावं. आमच्याकडे भांडणंसुद्धा हातांनी होतात, आणि ज्याने आधी डोळे मिटले तो जिंकला. आई अजून एकदाही हरलेली नाही.

खुणांच्या भाषेत प्रत्येकाला असं एक नाव मिळतं. आमच्या चर्चचे तरुण पाळक म्हणजे घसरलेला चष्मा वर सारणं. बाबांचे जिवलग मित्र शिंपीकाका म्हणजे हवेत ओवलेली सुई. तेही बहिरे, आणि इतके बडबडे की टाके घालताना ग्राहकाशी बोलायला हात मोकळे हवेत म्हणून सुई ओठांत धरतात.

आणि येशूचं नाव घेतात ते असं. उजव्या हाताचं मधलं बोट डाव्या तळव्याच्या मधोमध टेकवायचं, मग डाव्या हाताचं मधलं बोट उजव्या तळव्यात. जिथे खिळे ठोकले तिथे. त्या नावात सिंहासन नाही, मुकुट नाही. दोन जखमा आहेत.

रविवारची उपासना संपली, ऐकणारी मंडळी घरी गेली, की चर्चच्या बाजूच्या खोलीत आमची बहिऱ्या लोकांची मंडळी जमायची. तिथे बाबा गोष्ट सांगायचे. ते काही शिकलेले उपदेशक नव्हते. आठवडाभर ते पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर उभे असायचे. पण रविवारी त्यांचे हात सुटले की खोलीतलं कुणी पापणी मिटायला तयार नसायचं. पेत्राने, येशूच्याच शिष्याने, त्याला नाकारलं म्हणजे कसं नाकारलं, बायका कबरीकडे निघाल्या तेव्हा कोण पुढे होती आणि कोण मागे रेंगाळत होती, सगळं दिसायचं. नाव घेताना मात्र ते थांबत. बोट तळव्यात टेकवून क्षणभर तसंच ठेवत. लहानपणी मला त्या थांबण्याचा भयंकर कंटाळा यायचा. गोष्ट पुढे जाऊ द्या ना, असं वाटायचं.

मागच्या वर्षी बाबांचा डावा हात प्रेसखाली गेला.

मनगटाच्या वरपर्यंत कापावा लागला. जखम भरली, कारखान्याने एक रबरी हात दिला. दिसायला सुरेख, नखंसुद्धा होती. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. "मुका आहे," एवढंच म्हणाले.

एका हाताने बोलता येत नाही असं नाही. भाजी चिरता चिरता आई एका हाताने मला अर्धा तास रागावू शकते. जी खूण दोन हातांची, ती एका हाताने केली तरी समोरच्याला कळते, जसं तोंडात घास असला तरी घरच्यांना बोलणं कळतं. बाबाही हळूहळू बोलायला लागले. दूध संपलं, दार लाव, तुझा चेहरा का उतरलाय. पण एक नाव अडलं. डावा तळवा नाही, म्हणून उजवं बोट टेकवायला जागा नाही. उजवा तळवा आहे, तर त्यात टेकवायला डावं बोट नाही. तिथे ना अर्ध्यावर भागत होतं ना पाव हिश्श्यावर.

शिंपीकाकांनी सुचवलं, "थोटक्यावर बोट टेकव. आम्हाला कळेल."

बाबा म्हणाले, "तिथे तळवा नाही. खिळा तळव्यात होता."

मी सुचवलं की बोटांनी अक्षरं लिहून दाखवा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. मग एका रविवारी त्यांनी सांगून टाकलं, की ज्याचं नाव मला घेता येत नाही त्याची गोष्ट मी कोणत्या तोंडाने सांगू. आणि उजवा हात त्यांनी खिशात घातला. ऐकणाऱ्या माणसाने खिशात हात घातला तर त्याला थंडी वाजत असेल. बहिऱ्या माणसाने घातला तर त्याने तोंड बंद केलं. रविवारी ते घरीच बसू लागले. आई म्हणाली, हा माणूस दिवसभर बसतो आणि रात्री झोपेत त्याचा हात हलतो. काय म्हणतो ते मात्र तिने मला सांगितलं नाही.

त्यांच्या जागी मी उभी राहिले. मी पोटापाण्यासाठी दुभाषीच आहे. दवाखान्यात, कोर्टात, बँकेत, जिथे बहिरा माणूस अडेल तिथे मला बोलावतात. आमची मंडळी मग मुख्य उपासनेलाच बसू लागली, आणि मी पाळकांच्या बाजूला उभी राहून त्यांचा उपदेश हातांनी सांगू लागले. पाळक माणूस चांगला. मनात काही ठेवत नाही, आणि बोलताना श्वासही घेत नाही. "शुभवर्तमान आजच्या माणसासाठी ताजं राहिलं पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. ताजं ठेवायला ती काय मेथीची जुडी आहे, असं माझ्या जिभेवर यायचं, पण तेव्हा माझे हात कामात असायचे. त्यांनी भिंतीवर मोठा पडदा लावला. त्यावर उपदेशातली वाक्यं झळकत, मागे ढग सरकत, अधूनमधून कबुतर. आमच्या मंडळीला लिहिलेली भाषा परकीच, ती लोकं कबुतर बघत बसायची. आणि पाळकांच्या वेगाला पुरं पडायचं म्हणून माझे हात धावायचे.

अशाच एका रविवारी एक नवी मुलगी आली. बहिरी, तरणीताठी, लाँड्रीत इस्त्री करायची. शिंपीकाकांच्या दुकानाशेजारी तिची लाँड्री, म्हणून ते तिला घेऊन आले होते. तिच्या घरात कुणालाच खुणा येत नव्हत्या. ती आत्ता कुठे, मोठेपणी, भाषा शिकली होती, आणि उपाशी माणसासारखी प्रत्येक शब्दावर तुटून पडत होती. चर्च म्हणजे काय हेही तिला धड माहीत नव्हतं. उपासना संपल्यावर ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"हा हात झटकणारा कोण?" तिने विचारलं.

"कोण हात झटकणारा?"

"तू सारखं सांगत होतीस. हात झटकणारा आपल्यावर प्रेम करतो. हात झटकणारा आपल्याला कधी सोडत नाही." आणि तिने माझी खूण मला करून दाखवली. एक तळवा दुसऱ्यावर घासून टाकला, मग दुसरा पहिल्यावर, काम संपल्यावर धूळ झटकतात तसा.

मागे शिंपीकाका हसून हसून भिंतीला टेकले. माझ्या घाईत बोट वाकायचं बंद झालं होतं, टेकायचं बंद झालं होतं. उरली होती फक्त तळव्यावर तळव्याची फटफट. ज्याने जगात कुणापासूनच हात झटकले नाहीत, त्याला मी दर रविवारी, भर चर्चमध्ये, पडद्यावरच्या कबुतराच्या साक्षीने, हात झटकायला लावत होते. मंडळीतल्या जुन्या लोकांना माहीत होतं मला काय म्हणायचंय, म्हणून कुणी बोललं नव्हतं. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिचा राग आला, काकांचा आला, आणि मग उतरला कारण राग धरायला कुणी सापडेना.

मी तिला खूण नीट करून दाखवली. सावकाश. बोट तळव्यात, दुसरं बोट दुसऱ्या तळव्यात.

तिने पाहिलं. तिचा चेहरा बदलला. तिने विचारलं, "त्याच्या हातांना काय झालं?"

मी दुभाषी म्हणून किती ठिकाणी उभी राहिले आहे. डॉक्टरांनी वाईट बातमी दिली ती सांगितली आहे, न्यायाधीशांनी शिक्षा दिली ती सांगितली आहे. पण या प्रश्नापुढे माझे हात हवेत तसेच राहिले. कारण नाव पाहून कुणी हे विचारावं, म्हणूनच तर ते नाव तसं आहे. आणि आमच्यातल्या कुणी कित्येक वर्षांत हे विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. पकडलं, खटला चालवला, खिळे ठोकले, मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आपल्यासाठी. सगळं बरोबर सांगितलं, दवाखान्यात औषधं कशी घ्यायची ते सांगते तसं. ती भलेपणाने मान डोलवत राहिली. मग म्हणाली, "सुईवाले काका म्हणतात, ही गोष्ट तुझे बाबा सांगतात. ते कधी येणार?"

"ते आता सांगत नाहीत," मी म्हणाले.

"मग मला कशी कळणार?" तिने विचारलं. त्यात तक्रार नव्हती. बस कधी येणार असं विचारावं, इतकं साधं विचारलं तिने.

मी घरी गेले ती तावातावातच. बाबा खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यापुढे खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, माझी फजिती धरून. हात झटकणाऱ्यापाशी ते हसले, खूप दिवसांनी. पण तिचा प्रश्न सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा मिटला.

"ती तुमची वाट बघतेय," मी म्हणाले. "तिला गोष्ट कळली नाही. मी सांगितली आणि कळली नाही. एका खुणेसाठी तुम्ही एका माणसाला दाराबाहेर उभं ठेवताय."

"एका खुणेसाठी नाही," ते म्हणाले. "नावासाठी. रोज सकाळी उठून मी प्रयत्न करतो. बोट जातं आणि हवेत थांबतं. मला वाटतं त्यानेच ते काढून घेतलंय."

"त्याने कशाला काढून घ्यावं?"

"ते मला काय ठाऊक? माझा हात घेतला, हे मी समजू शकतो. हात यंत्राने घेतला. पण माझ्याकडे त्याचं नाव होतं. प्रेसवर उभा असताना, दोन झाकणांच्या मध्ये, मी ते घ्यायचो. तेवढी एकच गोष्ट माझी होती."

मी काही बोलायच्या आत त्यांनी डोळे मिटले. आईकडून शिकले असणार. मी त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर थोडा वेळ हातवारे करत राहिले, मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आमच्या घरात भांडी आपटण्याचा उपयोग फक्त मला होतो.

त्यानंतर शिंपीकाकांची छाती दुखू लागली. हृदयाची एक झडप बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याने दुभाषी म्हणून मलाच बोलावलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी वॉर्डात पोचले तर काका हिरवा झगा घालून बसले होते आणि त्या झग्याची शिवण उलटी आहे म्हणून नर्सला समजावत होते. त्यांचा डावा हात एका फळीला पट्ट्यांनी बांधलेला, त्यात सलाईनची सुई. बोलायला उजवा तेवढा मोकळा. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं, सही केली. मग डॉक्टर गेले आणि काकांच्या चेहऱ्यावरची गंमतही गेली.

"आत दोन्ही हात बांधतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे आत गेलो की गप्प. उठलो तर बोलेन. नाही उठलो तर तेच शेवटचं गप्प." त्यांनी झग्याची उलटी शिवण चाचपली. "मला भीती वाटतेय, नाकावर राग. जाण्याआधी ते नाव एकदा घ्यायचंय, आणि हे बघ." त्यांनी उजवं बोट डाव्या तळव्याकडे नेलं. तळवा पट्ट्यांखाली होता.

नर्स पटकन पुढे आली. "त्यांना सांगा, तो हात हलवायचा नाही. सुई निघेल."

"मी घेते," मी म्हणाले, आणि घेतलं, काळजीपूर्वक, बोट वाकवून. काकांनी पाहिलं. मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

"छान घेतलंस. पण मला घ्यायचंय." मग म्हणाले, "तुझ्या बापाला बोलाव. म्हणावं, उरलेला हात घेऊन ये."

बाबा आले. निरोप मी शब्दशः दिला होता, त्यामुळे थोडे रागावूनच आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, हात खिशात. काकांनी फळीला बांधलेला हात दाखवला. आपलं उजवं बोट वर करून दाखवलं आणि ते हवेत थांबवलं, तिथेच, जिथे बाबांचं थांबायचं.

"आता मलाही येत नाही," काका म्हणाले.

बाबा पुढे झाले. मला वाटलं, ते मित्राच्या खांद्यावर हात ठेवतील. पण काकांनीच हात लांब केला, बाबांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात खिशातून बाहेर ओढला. तो चादरीवर ठेवला, उताणा केला. बाबांची बोटं मिटलेली होती. काकांनी ती एकेक उघडली. आणि मग स्वतःचं मधलं बोट बाबांच्या तळव्याच्या मधोमध टेकवलं. दाबलं.

अर्धं नाव झालं होतं.

काकांनी बोट काढलं नाही लगेच. गोष्टीत बाबा थांबायचे तेवढेच तेही थांबले. मग हात मागे घेतला, आपला उजवा तळवा उताणा केला आणि चादरीवर ठेवून दिला. नुसती वाट बघत राहिले.

मी आजवर इतक्या वेळा हे नाव पाहिलं आहे, इतक्या वेळा घेतलं आहे, की मोजायला गेले तर आयुष्य जाईल. पण अर्ध्यावर थांबलेलं ते नाव मी पहिल्यांदा पाहत होते. ते त्या पलंगावर दोन माणसांच्या मध्ये पडलं होतं, आणि पुरं करायला दुसरं कुणी नव्हतं. खोलीतली हवासुद्धा थबकली आहे असं वाटलं मला, आणि मी अशा गोष्टी उगाच म्हणणारी बाई नाही.

बाबांचा हात हलला. बोट वाकलं, पुढे आलं, हवेत त्याच जागी क्षणभर थांबलं. मग खाली उतरलं. मित्राच्या तळव्यात, मधोमध.

काकांनी डोळे मिटले, उघडले. पुन्हा बोट पुढे केलं. बाबांनी पुन्हा तळवा दिला. पुन्हा. आणि पुन्हा. दोन म्हातारे, दोघांना मिळून दोन हात, आणि त्या दोन हातांवर ते नाव जात होतं आणि येत होतं. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

"काय करताहेत ते?" नर्सने माझ्या कानाशी विचारलं.

"नाव घेताहेत."

"कुणाचं?"

"येशूचं," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला. लहानपणापासून तोंडाने घेतलेलं नाव, आणि जणू आत्ता कुणी माझ्या हातात ठेवलं होतं.

नर्स थोडा वेळ बघत राहिली. काकांना न्यायला ट्रॉली घेऊन आलेल्या माणसाला तिने हाताने थांबवलं.

काकांना आत नेलं. बाबा आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. दुपार झाली. मध्येच बाबा माझ्याकडे वळले.

"मला वाटत होतं ते नाव माझ्या दोन हातांत आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी ते एकट्यानेच घेत होतो. कुणाचाच तळवा लागला नाही मला."

मी माझा हात त्यांच्यापुढे केला. त्यांनी बोट टेकवलं. त्यांचं बोट खरखरीत आहे, पत्र्याने जागोजागी चिरलेलं, आणि ते दाबतात तेव्हा खरंच लागतं. हे मला माहीत नव्हतं. ती खूण बघायची असते, असंच मी समजत होते. लागते, हे कुठे ठाऊक होतं.

काका संध्याकाळी शुद्धीवर आले. छातीवर टाके पाहून म्हणाले, मी यापेक्षा सरळ घातले असते.

पुढच्या रविवारी बाबा बाजूच्या खोलीत आले. बातमी आधीच पसरली होती. बहिऱ्या लोकांत बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि त्यातून काका दवाखान्यात मोकळ्या हाताने पडलेले. खोली भरली होती. पाळकही आले आणि पहिल्या रांगेत खुर्ची नव्हती म्हणून चष्मा सावरत खाली बसले. त्यांच्यासाठी बाबांचं बोलणं मी तोंडाने सांगणार होते. इस्त्रीवाली मुलगी भिंतीशी उभी होती.

बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं. हात खिशाबाहेर होता. थोटका हात त्यांनी बाहीत लपवला नव्हता. त्यांनी सुरुवात केली, "एक जण होता. त्याचं नाव," आणि ते थांबले. मंडळी सवयीने त्यांच्या छातीपाशी पाहू लागली, जिथे खूण व्हायची. बाबा तिथून निघाले. रांगांमधून वाट काढत भिंतीपर्यंत गेले, त्या मुलीपुढे उभे राहिले आणि हात मागितला.

तिने दिला. बाबांनी तिचा तळवा उघडून त्यात बोट टेकवलं, सावकाश, आणि थांबले. खोलीतले सगळे वळून, उठून, खुर्च्यांवर चढून बघत होते. मग बाबांनी आपला तळवा तिच्यापुढे धरला. मोठा, काळपट, रेघारेघांत तेल मुरलेला तळवा. आता तिची पाळी होती.

तिला काय करायचं ते कळलं. तिने मधलं बोट वाकवून पुढे केलं, बाबांच्या तळव्यात टेकवलं. आणि चटकन मागे घेतलं. तिने वर बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"दुखतं का त्याला?" तिने विचारलं.

मी ते मोठ्याने सांगितलं. पाळक जागेवर ताठ बसले. एवढे उपदेश झाले, एवढी वाक्यं पडद्यावर झळकली, आणि दुखतं का असं कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे 'झालं होतं' असं सांगत आलो होतो. ती आत्ताचं विचारत होती.

बाबांनी उत्तराला वेळ घेतला. खोटं त्यांना कधी जमलं नाही. शेवटी त्यांनी मान हलवून हो म्हटलं.

मुलीने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. लाँड्रीत रोज कुठे ना कुठे चटका बसतो, तिच्या बोटांवर जुन्या-नव्या डागांची नक्षी होती. कुणाला लागलं की काय करायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने तो तळवा तोंडाजवळ नेला, ओठांचा चंबू केला आणि हळुवार फुंकर घातली.

खोलीत एक हात हलला नाही. बाबा डोळे मिटायला विसरले होते.

"काय म्हणाली ती?" पाळकांनी खालून मला विचारलं. त्यांच्या बाजूने त्यांना बाबांची नुसती पाठ दिसत होती.

"काही म्हणाली नाही," मी सांगितलं. "त्याच्या हातावर फुंकर घातली."

पाळकांनी चष्मा काढला. मग बाबांनी त्या मुलीच्या हातातून हात सोडवून घेतला, कारण गोष्ट सांगायची तर त्यांना तो लागणार होता, आणि त्यांनी पुढे सांगायला सुरुवात केली.